सुट्टीतला खेळ : गोष्ट आपली, वाट मुलांची

मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्यासारख्या आयांच्या पोटात गोळा येतो. कुरडया-पापड गच्चीवर, पाहुण्यांची ये-जा, त्यात पाण्याची ओढ, आणि या सगळ्या धबडग्यात दुपारी बारा ते पाच या मुलांचं करायचं तरी काय? मोबाइल काढून घेतला की तोंडं फुगतात. पाठ वळली की तो पुन्हा हातात दिसतो. तुमच्याही घरी हेच चालतं ना?

गेल्या सुट्टीत पुण्याहून माझा भाचा आमच्याकडे पौडला आठ दिवस आला होता. इंजिनिअरिंगला आहे. एका दुपारी मला म्हणाला, "आत्या, तू शाळेत इतिहास शिकवतेस, गोष्टी सांगतेस. तुला एक खेळ नक्की जमेल." मी म्हटलं, "बाबा रे, मला पत्ते पिसता येत नाहीत धड!" पण त्यानं पिच्छा सोडला नाही. त्याच खेळाची ही हकिगत. त्यात माझी जी फजिती झाली तीही सांगणार आहे, कारण तिच्यातूनच मी खरं शिकले.

खेळ आहे तरी काय?

थोडक्यात सांगायचं तर ही मोठ्या मुलांची भातुकली! चार-पाच जण गोल करून बसतात. प्रत्येक जण गोष्टीतलं एकेक पात्र होतो. एक जण मात्र पात्र होत नाही. तो गोष्ट मांडतो. "तुम्ही नदीकाठी आलात, होडी पलीकडे आहे, अंधार पडतोय. आता काय करता?" एवढं बोलून तो थांबतो. पुढचं मुलांनी ठरवायचं. जिथं जमेल की नाही अशी शंका असेल तिथं फासे टाकायचे. हरणं-जिंकणं नाही, पट नाही, सोंगट्याही नाहीत.

अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला, तिथून याचा प्रसार झाला. त्यात चारपासून वीस बाजूंपर्यंतचे तऱ्हेतऱ्हेचे फासे असतात. त्याचं मूळ मात्र लष्करी खेळांत आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं नकाशावरचा युद्धाचा खेळ रूढ केला. त्यातही एक पंच असे आणि दोन्ही बाजूंचे हुकूम ऐकून काय घडलं ते तो सांगे. इंग्रजीत अशा माणसाला 'गेम मास्टर' म्हणतात. आम्ही सरळ 'सूत्रधार' म्हणतो. नाटकातला आपला जुनाच शब्द, मुलांनाही लगेच आवडला.

चौदा पानं वाया!

पहिल्या खेळासाठी मी दोन रात्री जागून वहीची चौदा पानं भरली. आमच्याच तालुक्यातला घनगड घेतला. गडावर एक खलिता पोचवायचा. वाटेत नदी, नदीनंतर रान, रानात वाघ, गडाच्या दाराशी पहारेकरी! कोण काय बोलणार तेसुद्धा लिहून काढलं.

आणि झालं काय? मुलांना गावच्या वेशीवरच एक रखवालदार भेटला. मी तो असाच एका ओळीत उरकला होता. माझ्या मुलीनं त्याला विचारलं, "तुमचं नाव काय? तुम्ही उदास का?" माझी पंचाईत! काहीतरी सांगायचं म्हणून म्हटलं, त्याच्या लेकीचं लग्न आहे आणि पैसे नाहीत. मग काय विचारता! मुलांनी अख्खी दुपार त्या लग्नाची तयारी करण्यात घालवली. खलिता राहिला बाजूला, वाघ बिचारा रानात उपाशी. घरी पुरणाचा घाट घालावा आणि पाहुण्यांनी पिठलं-भाकरी मागावी, तशी माझी गत झाली.

रात्री भाचा हसत म्हणाला, "आत्या, तू नाटक लिहिलंस. इथे नाटक लिहायचं नसतं." तेव्हा मला कोकणातला दशावतार आठवला. तिथे आख्यान कोणतं ते आधी ठरतं, कोणी कोणतं सोंग घ्यायचं ते ठरतं, पण संवाद लिहिलेले नसतात. ते रंगभूमीवर जागच्या जागी होतात. या खेळाचंही तसंच आहे. सांगाडा आपण करायचा, त्यावर मांस मुलं चढवतात.

तयारी कशी करावी?

आता मी एका खेळाची तयारी अर्ध्या तासात, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता करते. एका पानात सारं मावतं.

१. एक जागा. आपल्या ओळखीची असली तर उत्तम. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला नदी, देऊळ, वाट एवढा नकाशा पुरे.

२. एक अडचण. पूर आलाय, बैल हरवलाय, कोणाचा तरी निरोप वेळेत पोचवायचाय. अडचण आपण द्यायची. ती सोडवायची कशी ते आपण ठरवायचं नाही.

३. तीन माणसं. प्रत्येकाचं नाव, त्याला काय हवंय आणि त्याला कशाची भीती वाटते, एवढं लिहावं. या दोन गोष्टी ठाऊक असल्या की तो माणूस काय बोलेल ते आपोआप सुचतं. शिवाय आठ-दहा नावं जास्तीची लिहून ठेवावीत. मुलं नेमकी नाव नसलेल्या माणसालाच गाठतात!

४. मुलांची पात्रं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येकानं आपलं नाव, एक कसब आणि एक उणीव लिहावी. 'पोहता उत्तम येतं, पण खोटं बोलता येत नाही', असं. उणीव लिहायला मुलं आधी नाखूश असतात, पण पुढे गंमत तिच्यामुळेच येते.

चिंचोक्यांचा हिशेब

वीस बाजूंचा फासा पौडला कुठून आणणार? आम्ही चिंचोके फोडून त्यांच्या सहा डाळिंब्या घेतल्या. एक बाजू काळी, एक पांढरी. मुठीत खुळखुळवून टाकायच्या आणि पांढऱ्या मोजायच्या. आमच्या ह्यांनी कागदावर हिशेब करून दिला. डाळिंबी दोन्ही बाजूंवर सारखीच पडत असेल, तर तीन किंवा जास्त पांढऱ्या पडण्याचा संभव तिनांत दोनदा, चार किंवा जास्तीचा तिनांत एकदा, आणि पाच किंवा जास्तीचा नवांत एकदा. म्हणजे सोप्या कामाला तीन, अवघडाला चार, जिवावरच्या धाडसाला पाच. पात्राचं ते कसबच असेल तर एक कमी मागायचा.

हे आकडे नीट लक्षात ठेवा. माझी चूक इथेच झाली.

गाव पाण्याखाली जाणार

दुसऱ्या आठवड्यात मी आमच्याच मातीतली गोष्ट घेतली. मुळशीचं धरण सहलीला आलेल्या सगळ्यांनी पाहिलं असेल. टाटांच्या वीजयोजनेसाठी मुळा नदीवर ते बांधलं. त्याचं पाणी खाली कोकणात भिऱ्याला सोडून त्यावर वीज तयार होते. त्या पाण्याखाली सुमारे पन्नास गावं आणि आंबेमोहोराची भातखाचरं जायची होती. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. बापटांना 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यापासून. बायकाही मागे राहिल्या नाहीत. १९२४च्या अखेरीला लढा संपला, धरण झालं.

मी वर्गात हा धडा दर वर्षी शिकवते. आवाज भरून येतो माझा. त्यामुळे खेळ मांडतानाच मी मनात शेवट ठरवून ठेवला होता, की सगळं गाव एकजुटीनं लढणार.

एका शेतकऱ्याच्या घरातले दोन भाऊ अशी पात्रं होती. धाकटा भाऊ झाली माझी मुलगी, थोरला झाला शेजारचा आठवीतला मुलगा. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "मी भरपाईचे पैसे घेतो आणि दुसरीकडे जमीन बघतो."

मी म्हटलं, "अरे, सगळं गाव लढतंय, आणि तू?"

"हो. मी पैसे घेतो."

"बरं, पाच पाड."

पडल्या दोन. मी सांगितलं, कचेरीत पैसे अडकले. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. मी पुन्हा पाचच मागितल्या. पडल्या तीन. त्यानं डाळिंब्या खाली ठेवल्या आणि शांतपणे म्हणाला, "काकू, तुम्हाला हवं तेच होणार असेल तर आम्ही कशाला बसायचं?" आणि चपला घालून निघून गेला.

मैत्रिणींनो, माझं तोंड इतकंसं झालं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्याही नाही.

संध्याकाळी मीच त्याच्या घरी गेले. ओट्यावर त्याची आजी तांदूळ निवडत बसली होती. ऐंशीच्या पुढचं वय. मी झालं ते सांगितलं. त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "बाई, त्ये आमच्याच घरचं हाय."

मला काही कळेना.

"माझ्या आजेसासऱ्यानं पैसं घेतलं व्हतं. चार लेकरं, त्यांना काय धोंडं घालनार व्हता खायला? धाकल्यानं न्हाई घेतलं. त्यो तुरुंगात ग्येला. त्येचं नाव झालं, ह्येला कुनी वळख दिली न्हाई. माझं लगीन झालं तवासुदिक त्या घरचं एक मानूस अक्षता टाकाया आलं न्हाई."

मी घरी आले ती गप्पच. इतकी वर्षं मी मुलांना लढलेल्यांची गोष्ट सांगत आले. ती खरीच आहे आणि सांगायलाच हवी. पण ज्यांनी पोरांकडे बघून पैसे घेतले, त्यांची पोरंही माझ्याच वर्गात बसलेली असणार हे कधी मनात आलं नव्हतं. त्या मुलानं थोरला भाऊ उगीच मागून घेतला नव्हता. आणि मी पाचाचा आकडा लावून त्याचं तोंड बंद केलं.

पुन्हा एकदा

चौथ्या दिवशी मी त्याला बोलावून आणलं. सगळ्या मुलांसमोर सांगितलं, "परवा माझं चुकलं. मला आवडलं नाही म्हणून मी आकडा वाढवला." मोठ्यांनी माफी मागायची मुलांना सवय नसते. सगळी माझ्याकडे बघतच राहिली. मग आम्ही तिथूनच पुढे सुरुवात केली. मी म्हटलं, "तीन." त्याला चार पडल्या. पैसे मिळाले.

धाकटा भाऊ मात्र हलायला तयार नव्हता. निरोपाच्या वेळी दोघं भांडतील असं मला वाटलं होतं. मी तोंडातून शब्द काढला नाही. माझी मुलगी म्हणाली, "मी त्याला आपल्या खाचरातलं आंबेमोहोराचं बियाणं देते. तिकडे पेरील." तो म्हणाला, "मी तुझ्या पोरांना माझ्याकडे घेऊन जातो, तू तुरुंगातून येईपर्यंत." धरण व्हायचं ते झालंच. तो इतिहास आम्ही बदलला नाही. पण त्या अंगणातून दोन भाऊ एकमेकांशी बोलत निघाले.

आजी दाराशी येऊन उभ्या होत्या, मला कळलंच नव्हतं. एवढंच म्हणाल्या, "आसं झालं आसतं तर बरं झालं आसतं."

सूत्रधारानं एवढं पाळावं

मुलानं काहीही म्हटलं तरी एकदम 'नाही' म्हणू नये. 'हो, पण...' म्हणून पुढची अडचण सांगावी. आकडा टाकण्याआधी सांगावा, आणि न पडल्यास काय होईल तेही आधीच सांगावं. एकदा सांगितलेला आकडा बदलू नये. आपल्याला एखादी गोष्ट आवडली नाही म्हणून ती अवघड करू नये. जिथं शंकाच नाही तिथं डाळिंब्या टाकायला लावू नयेत. दार उघडायला कशाला फासे? मोठ्यानं बोलणारी मुलं सगळी जागा अडवतात, म्हणून दर थोड्या वेळानं गप्प बसलेल्याकडे वळून विचारावं, "आणि तू काय करतेस?" उत्तरासाठी थांबावं. एखाद्याला विषय झोंबला असं दिसलं तर खेळ तिथेच थांबवून पन्ह्याचे पेले आणावेत. आणि कितीही रंगला तरी दीड तासात आवरावं. उद्यासाठी ओढ राहिली पाहिजे.

मोबाइल सुटला का, असं विचाराल. अगदी सुटला नाही. पण दुपारी तीन वाजता मुलं आपण होऊन "काकू, बसायचं ना?" म्हणत येऊ लागली, हे काय थोडं आहे?

दिवाळीच्या सुट्टीत तो शेजारचा मुलगा स्वतः सूत्रधार झाला. मी झाले होते होडीवाली. भर पुरात होडी घालते म्हणाले. त्यानं क्षणभर विचार करून आकडा सांगितला, "काकू, तुमचं कसबच आहे, म्हणून चार नको, तीन."

मला पडल्या दोन. होडी उलटली. पण तक्रार करायला जागाच नव्हती!