समुद्रपर्यटनाचे नियोजन आणि वैद्यांचे कर्तव्य

मुंबईहून कोकणात व गोव्यास बोटीने जाण्याचा प्रघात ज्या पिढीने पाहिला, त्या पिढीला ‘बोट लागणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्या काळी बोट हे केवळ गावी पोहोचण्याचे साधन होते. आज जहाज हेच सुट्टीचे स्थळ झाले आहे. मुंबई बंदरातून गोवा, कोची, लक्षद्वीप या मार्गांवर पर्यटन-जहाजे निघतात. इंदिरा गोदीवरील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. साहजिकच आपल्या चिकित्सालयात येणारा रुग्ण आता विचारू लागला आहे, “वैद्यराज, आम्ही क्रूझला निघालो आहोत, सोबत काय औषधे ठेवू?” तिकीट, खोली व भोजन यांची माहिती प्रवासी संस्था देतात. औषधांची माहिती मात्र आपणच द्यावयाची आहे, आणि ती अपुरी दिली गेल्यास त्याचे परिणाम केवळ प्रकृतीपुरते मर्यादित राहत नाहीत. या लेखात समुद्रपर्यटनाच्या नियोजनाचा विचार वैद्याच्या दृष्टीने करण्याचे आम्ही योजिले आहे.

ऋतू व मार्ग

पश्चिम किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात समुद्र खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेपूर्वी होड्या समुद्रात न लोटण्याची कोळीबांधवांची परंपरा याच अनुभवातून आली. ऑक्टोबर ते मे हा सर्वसाधारणपणे प्रवासाचा काळ होय. त्यातही हेमंत व शिशिर हे ऋतू आम्हांस अधिक प्रशस्त वाटतात. या काळात समुद्र बहुधा शांत असतो, जाठराग्नी प्रबल असतो, आणि प्रवासातील गुरू आहार सहन करण्याची शक्ती अधिक असते. शरदात पित्तप्रकोपाचा काळ असल्याने पित्तप्रकृतीच्या व्यक्तींनी ऑक्टोबरमधील प्रवास शक्यतो टाळावा.

प्रथमच जाणाऱ्यांनी दोन-तीन रात्रींचा मार्ग निवडावा. लक्षद्वीपसाठी प्रवेशपरवाना लागतो, तो कोण काढणार हे आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावे. तेथे मोठी जहाजे खोल पाण्यात नांगरतात व प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यास नेले जाते. हलत्या होडीत चढ-उतार करणे संधिवात व जानुशूलाच्या रुग्णांना कष्टाचे होते. गर्भवतींच्या बाबतीत बहुतेक मोठ्या जहाज कंपन्या २४ आठवड्यांनंतर प्रवेश देत नाहीत. हा नियम आरक्षणापूर्वीच पाहावा.

खोलीची निवड आणि ‘बोट लागणे’

जहाजाचे हेलकावे टोकांना व वरच्या मजल्यांवर अधिक, तर मध्यभागी व खालच्या मजल्यांवर कमी जाणवतात. ज्यांना घाटातील बसप्रवासही सोसत नाही, त्यांनी सज्जाच्या महाग खोलीऐवजी मधल्या भागातील खालची खोली घ्यावी. पैसेही वाचतात व प्रकृतीही राखली जाते.

चरकाचार्यांनी सर्व छर्दींचे मूळ आमाशयाच्या उत्क्लेशात मानून प्रथम लंघन सांगितले आहे. निघण्याच्या दिवशी हलका आहार घ्यावा, तेलकट व अतिमधुर पदार्थ वर्ज्य करावेत, मळमळ सुरू होताच क्षितिजाकडे दृष्टी ठेवून मोकळ्या हवेत बसावे, आणि नंतर लाह्यांची पेज वा तत्सम लघु आहार घ्यावा. सुंठीचा उपयोग आपण परंपरेने जाणतोच. १९८८ साली डेन्मार्कमधील ८० नौदल प्रशिक्षणार्थींवर भर समुद्रात केलेल्या चाचणीत १ ग्रॅम सुंठीच्या चूर्णाने वांती व थंड घाम यांचे प्रमाण लक्षणीय कमी झाले. मळमळ व भोवळ यांतील फरक मात्र संख्याशास्त्रीय कसोटीस उतरला नाही. रुग्णास सांगताना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. रक्त पातळ करणारी आधुनिक औषधे घेणाऱ्यांना सुंठ नियमित देण्यापूर्वी त्यांच्या चिकित्सकाचा सल्ला घ्यावा.

आहार व संसर्ग

जहाजावरील भोजन तिकिटातच अंतर्भूत असते व सकाळपासून रात्रीपर्यंत मांडलेले असते. दिलेले पैसे वसूल करण्याच्या भावनेने अध्यशन घडते, आणि कोळंबीनंतर आइस्क्रीम असा मत्स्य-दुग्धाचा विरुद्धाहारही सहज होतो. ‘पूर्वीचे अन्न जिरल्याशिवाय पुढचे नाही’ एवढे एकच सूत्र रुग्णास दिले तरी पुष्कळ साधते. उपवासाचे, जैन वा मधुमेहींचे भोजन हवे असल्यास आरक्षणाच्या वेळीच कळवावे.

विमानस्थानात चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाचे विवेचन करताना वायू, उदक, देश व काल यांची समानता हे अनेकांना एकाच वेळी व्याधी होण्याचे कारण सांगितले आहे. जहाजावर हजारो माणसांचे हे चारही भाव एक होतात. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ जणांपैकी सातशेहून अधिकांना कोविडची बाधा झाली. नोरोव्हायरसमुळे होणारे वांती-अतिसाराचे उद्रेकही जहाजांवर वारंवार आढळतात. या विषाणूवर अल्कोहोलयुक्त द्रवाचा प्रभाव अल्प असतो, म्हणून जेवणापूर्वी साबण व पाण्याने हात धुणे हाच खरा उपाय होय. मुलांना व वृद्धांना अतिसार झाल्यास जलसंजीवनी प्रथम, औषध नंतर, हे रुग्णास लेखी द्यावे.

औषधांची पिशवी

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. मुंबई-गोवा प्रवासात औषधांची पिशवी फारशी कोणी उघडून पाहत नाही. परंतु अनेक मराठी कुटुंबे सिंगापूर वा दुबईस विमानाने जाऊन तेथील बंदरातून क्रूझ घेतात. तेथे नियम कठोर आहेत.

प्रवासातील अतिसारासाठी वैद्याच्या हाताशी सहज येणारी औषधे आठवावीत. कर्पूर रसात अहिफेन आहे. जातीफलादि चूर्णात भांग हा मुख्य घटक आहे. बिल्वादि चूर्ण निरुपद्रवी वाटते, पण त्याच्या एका प्रचलित पाठात धुतलेली भांग आहे. कामिनीविद्रावण रसातही अहिफेन आहे. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील गांजाच्या व्याख्येतून, शेंडे सोबत नसतील तर, भांगेची पाने वगळलेली आहेत. सिंगापूरच्या कायद्यात अशी सवलत नाही. तेथे असे द्रव्य परवान्याविना बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि ठराविक प्रमाणाबाहेरील व्यापारास मृत्युदंडाची तरतूद आहे. संयुक्त अरब अमिरातीत तर आपल्या स्वयंपाकघरातील खसखससुद्धा निषिद्ध आहे. ‘आमच्या वैद्यांनी पोटासाठी दिली’ हे उत्तर जकात अधिकाऱ्यापुढे पुरेसे ठरत नाही. शिक्षा भोगावी लागते ती रुग्णास, औषध देणाऱ्यास नव्हे.

म्हणून परदेशी बंदरास जाणाऱ्या रुग्णास अहिफेन वा भांगयुक्त कोणताही कल्प देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अतिसारासाठी कुटजघन वटीसारखा पर्याय उपलब्ध आहे. रसकल्प व भस्मे चालू असल्यास, प्रवासाच्या काळापुरती ती थांबवून वनौषधी देता येतील काय, याचा विचार करावा. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. तेव्हापासून आपल्या औषधांकडे परदेशात संशयाने पाहिले जाते. निर्यातीच्या वनौषधींसाठी जड धातूंची चाचणी १ जानेवारी २००६ पासून आपल्या शासनाने अनिवार्य केली, ती याच पार्श्वभूमीवर.

आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो. बहुतेक जहाजांवर बाहेरचे मद्य नेण्यास मनाई असल्याने अशी बाटली अडवली जाण्याचा संभव असतो. शिवाय आंतरराष्ट्रीय विमानात हाती घेण्याच्या सामानात १०० मिलीहून मोठी द्रवाची बाटली सर्वसाधारणपणे नेता येत नाही. शक्य तेथे घनवटी द्यावी.

औषधालयमालकांना विनंती

अनेक चिकित्सालयांत कागदी पुडीवर ‘स. सं.’ एवढीच खूण करून औषध देण्याचा प्रघात आहे. घरी ती पुरते. बंदरात मात्र निनावी करड्या चूर्णाची पुडी हीच संशयाची वस्तू ठरते. प्रवासी रुग्णास मूळ वेष्टनातील, घटकद्रव्यांची वनस्पतिशास्त्रीय नावे छापलेली औषधेच द्यावीत. सोबत नोंदणी क्रमांकासह इंग्रजीत लिहिलेले औषधपत्र असावे. त्यावर रुग्णाचे पारपत्रातील नाव, व्याधी, मात्रा व दिवस नमूद करावेत, आणि औषधही तेवढ्याच दिवसांचे द्यावे. ज्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना आहे, म्हणजेच ज्यात परिशिष्ट ई (१) मधील द्रव्य आहे, ते वेष्टन देण्यापूर्वी रुग्ण कोठे जात आहे हे विचारण्याची सवय गल्ल्यावरील सहकाऱ्यांस लावावी. मधुमेह व रक्तदाबाची नित्याची औषधे हाती घेण्याच्या पिशवीतच ठेवण्यास सांगावे, कारण मोठे सामान जहाजावर चढताना हातून जाते व खोलीत उशिरा पोहोचते. जहाजावरील वैद्यकीय सेवा सशुल्क व महाग असते आणि भारतातील नित्याचा आरोग्यविमा परदेशात बहुधा लागू पडत नाही. प्रवासविम्याची आठवणही अवश्य करून द्यावी.

या सर्वांस फार तर दहा मिनिटे लागतात. रुग्ण निघण्याच्या आदल्या दिवशी न येता महिनाभर आधी यावा, यासाठी प्रतीक्षाकक्षात एक सूचनाफलक लावणेही कठीण नाही. देश, काल व सात्म्य पाहून औषध द्यावे हे आपण अभ्यासक्रमातच शिकलो. देशाच्या विचारात आता त्या देशाचा कायदाही धरावा, एवढेच आमचे सांगणे आहे. अलमतिविस्तरेण.