घरांतला विकर आणि दादांची स्मृति

माझे थोरले बंधु, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतों, त्यांना अमरकोशाचीं तिन्ही कांडें मुखोद्गत होतीं. गेल्या आषाढांत एके सकाळीं पूजा आटोपून ते माजघरांत आले आणि त्यांनीं वहिनींस विचारलें, "बाई, आपण कोणाकडच्या?" एकूणपन्नास वर्षांचा संसार झालेला. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं पाट मांडला व ताट वाढलें. पुढें डॉक्टरांनीं तपासून रोगाचें नांव अल्झायमर असें सांगितलें.

घरांत मतमतांतरें सुरू झालीं. कोणी म्हणाले, अतिपठणानें डोकें शिणलें. कोणी म्हणाले, दादांचा स्वभाव जन्माचा तापट, त्याचें हें फळ. या दुसऱ्या मताला मीही कांहीं दिवस मान डोलाविली, हें कबूल केलें पाहिजे. क्रोधापासून स्मृतिभ्रंशापर्यंतची जी उतरण गीतेंत सांगितली आहे ती आम्हां शिक्षकांच्या जिभेवर असतेच, आणि या रोगालाही मराठींत नेमकें तेंच नांव पडलें आहे. पण शब्द एक म्हणून अर्थही एक असें धरून चालणें ही आम्हां शब्दपंडितांची जुनी खोड. दादांचा धाकटा मुलगा जीवशास्त्राचा अध्यापक आहे. तो सुटींत घरीं आला तेव्हां त्यानें माझी ही समजूत चार संध्याकाळीं बसून खोडून काढिली. त्यानें सांगितलेलें व मागाहून मीं स्वतः ताडून पाहिलेलें जें आहे, तें आमच्यासारख्या इतर घरांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें देतों.

शरीरांतील पेशी भाजल्यानें, चेंगरल्यानें किंवा रक्त न पोंचल्यानें मरतात, तो अपमृत्यु. परंतु पेशीच्या अंगींच असलेल्या योजनेनें येणारें दुसरें एक मरण आहे. गर्भाचा हात आरंभीं वल्ह्यासारखा सलग असतो. बोटांमधल्या पेशी ठरल्या वेळीं मरतात म्हणून बोटें सुटीं होतात. १९७२ सालीं केर, वायली व करी या तिघांनीं या मरणाला 'अपॉप्टोसिस' असें नांव दिलें. मूळ ग्रीक शब्दाचा भाव पान गळून पडणें असा आहे, व तो ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकानें सुचविला होता. भाषाशिक्षकांचाही कोठें तरी उपयोग झाला, हें वाचून मला बरें वाटलें!

या योजनेचा छडा लागला तो मातींत राहणाऱ्या एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीमुळें. त्याच्या वाढींत १,०९० कायिक पेशी निर्माण होतात व त्यांपैकीं १३१ ठरल्याप्रमाणें मरतात. अमेरिकेंतील रॉबर्ट हॉर्विट्झ यांनीं हें मरण घडवून आणणारीं जनुकें शोधिलीं. त्यांची शिष्या जुनयिंग युआन व इतर सहकारी यांना १९९३ सालीं असें आढळलें कीं, त्यांतील एका जनुकापासून होणारें प्रथिन मनुष्याच्या शरीरांतील एका विकराशीं, म्हणजे एन्झाइमाशीं, जुळतें. कृमि आणि मनुष्य यांची मरणाची हत्यारें एकाच घडणीचीं निघालीं. हॉर्विट्झ यांना २००२ सालीं इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचे स्वतःचे वडील एएलएस नांवाच्या मज्जापेशींच्या क्षयानें वारले होते.

या विकरांच्या कुळाला 'कॅस्पेज' म्हणतात. हा समासच आहे, व विग्रह केला म्हणजे काम कळतें: सिस्टीन या घटकाच्या बळावर, ॲस्पार्टिक आम्लाच्या जागीं प्रथिनाला छेद देणारा विकर. मनुष्यांत असे सुमारे डझनभर आहेत. एरवीं ते म्यानांतल्या सुरीसारखे निजलेले असतात. पेशीची ऊर्जा निर्माण करणारीं मायटोकॉन्ड्रिया बिघडलीं, कीं त्यांतून एक प्रथिन बाहेर झिरपतें. त्यानें एक कॅस्पेज जागा होतो, तो दुसऱ्यास म्यानांतून काढतो, आणि मग तिसऱ्या क्रमांकाचा कॅस्पेज पेशीचा आंतला सांगाडा कापीत सुटतो.

त्वचेची पेशी मेली तर दुसरी येते. मेंदूंत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत; गेलेलीची जागा सहसा भरून येत नाहीं. अल्झायमर रोगांत या पेशींत टाऊ नांवाच्या प्रथिनाच्या गुंतवळी सांपडतात. टाऊचें नेहमींचें काम पेशींतील वाहतुकीचे रूळ सांवरून धरण्याचें. गुंतवळ होते आणि तिनें पेशी मरते, असा सरळ तर्क होता. २०१० सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं टाऊचा दोष मुद्दाम घातलेल्या उंदरांच्या कवटीला बारीक खिडकी पाडून जिवंत मेंदूंतील त्याच त्या पेशी दिवसामागून दिवस पाहिल्या. क्रम उलटा निघाला! आधीं कॅस्पेज जागा होई, आणि एका दिवसाच्या आंत त्याच पेशींत गुंतवळ दिसूं लागे. कॅस्पेजनें शेंपटी कापलेला टाऊ लौकर गोळा होतो. याहून नवलाची गोष्ट ही कीं, त्या पेशी लगेच मेल्या नाहींत. विकर पुन्हां शांत झाला, पेशी जगली, पण गुंतवळ घेऊन.

हें ऐकून मीं पुतण्यास म्हटलें, "मग त्या सुरीलाच कुलूप घाला, म्हणजे झालें."

"काका, तें करून पाहिलें आहे," तो म्हणाला.

हंटिंग्टन या दुसऱ्या मेंदूक्षयांत सदोष प्रथिनांतील सहाव्या कॅस्पेजचा छेद घेणारी जागाच पालटली, तर उंदरांचा मेंदू शाबूत राहतो, असें २००६ सालीं दिसलें. मिनोसायक्लीन हें जंतुनाशक औषध कॅस्पेजना आंवरतें, व उंदरांत त्यानें गुण आला होता. तें एएलएसच्या रोग्यांना देऊन पाहिलें. ४१२ जणांवरील त्या प्रयोगाचा निकाल २००७ सालीं लागला: औषध घेणारांचा ऱ्हास इतरांपेक्षां सुमारें पंचवीस टक्के अधिक वेगानें झाला. मीं पुढें विचारण्याचें धाडस केलें नाहीं. त्यानें आपण होऊनच सांगितलें कीं, निरोगी मेंदूंत मज्जापेशींमधले कांहीं सांधे सैल करण्याचें काम तिसरा कॅस्पेज करतो, पेशी न मारतां. तेव्हां सरसकट बंदी घातली तर नित्याचा कारभारच अडतो.

वहिनी दाराआड बसून ऐकत होत्या. त्यांनीं एकच विचारलें, "म्हणजे ह्यांच्या रागावण्यानें नाहीं ना झालें?"

"नाहीं, आई," तो म्हणाला.

त्या उठून आंत गेल्या. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं दादांच्या प्रत्येक सदऱ्याच्या आंतल्या बाजूस नांव व पत्ता लिहिलेली पट्टी शिवली. वर्तमानपत्रांतील जाहिरात पाहून सूनबाईंनीं मागविलेल्या स्मृतिवर्धक तेलाच्या दोन बाटल्या फडताळांत तशाच आहेत. डॉक्टरांनीं दिलेल्या गोळ्या चालू आहेत. त्यांनीं थोडा आधार मिळतो, रोग थांबत नाहीं, असें त्यांनींच पहिल्या दिवशीं स्पष्ट सांगितलें होतें. संध्याकाळीं मी दादांजवळ अमरकोश घेऊन बसतों. स्वर्गवर्ग ते अजून न अडखळतां म्हणतात, मधेंच थांबून मला विचारतात, "मास्तर, आपलें गांव कोणतें?" मी गांवाचें नांव सांगतों. तें त्यांचेंही गांव आहे, हें ऐकून त्यांना दर वेळीं आनंद होतो.