सुरैया, सुहैल आणि सड्यावरची एक रात्र

आपल्या नात्यागोत्यात एखादी सुरैया असतेच. एखादी परवीन असते, शेजारी एखादा सुहैल असतो. नाव ठेवताना ते कानाला गोड वाटले म्हणून ठेवलेले असते. पण ही तिन्ही नावे आकाशातली आहेत. सुरैया हे कृत्तिकांच्या पुंजक्याचे अरबी नाव. त्याच पुंजक्याला फारसीत परवीन म्हणतात. सुहैल म्हणजे दक्षिणेकडचा अगस्त्य तारा. उर्दूच्या तासाला मुश्तरी म्हणजे गुरू, जोहरा म्हणजे शुक्र, जुहल म्हणजे शनी असे अर्थ आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. मुले पाठ करतात आणि मग विचारतात, "दाखवा की मग!"

दाखवणार कुठून? मोहल्ल्यात आता दर खांबावर पांढरा एलईडी दिवा आहे. रस्ता उजळला हे चांगलेच झाले, पण गच्चीवरून आठ-दहा ताऱ्यांपलीकडे काही दिसत नाही. नववी-दहावीतली जी मुले प्रकाशवर्षाची व्याख्या न चुकता लिहितात, त्यांतल्या बहुतेकांनी आकाशगंगेचा पट्टा कधी पाहिलेला नाही. म्हणून रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या काही शिक्षकांनी, दोन-तीन हौशी दुर्बीणवाल्यांनी आणि जहाजावरून निवृत्त होऊन गावी परतलेल्या एका चाचांनी मिळून ठरवले, की या हिवाळ्यात एक रात्र एकत्र काढायची. संस्था नाही, वर्गणी नाही, भाषण नाही. ज्यांना आकाशाची आवड आहे त्यांनी घरच्यांसह यायचे, एवढेच.

आम्ही काही नवीन करत नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणते. मुंबईचे खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम घेत आले आहे. कोकणातल्या कुटुंबांना मात्र एवढ्या लांब जाऊन रात्र काढणे जमत नाही. आकाश तर आपल्या डोक्यावरच आहे, तेव्हा बेतही आपल्या दाराशीच करावा असे आम्हाला वाटले.

पहिला प्रश्न तारखेचा. तारे पाहायचे तर चंद्र नको. पौर्णिमेच्या चांदण्यात अंधुक तारे बुडून जातात. यंदा डिसेंबरची अमावास्या २० तारखेला आहे आणि त्या दिवशी शनिवार आहे. दुसऱ्या दिवशी शाळा नाही, पावसाळी ढग नाहीत, रात्र वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रींपैकी एक. यापेक्षा चांगली तारीख मिळणे कठीण.

दुसरा प्रश्न वेळेचा. त्याचे उत्तर आपल्या मशिदीच्या भिंतीवर लावलेल्या तक्त्यातच आहे. मगरिबनंतर पश्चिमेला जो उजेड रेंगाळतो, ज्याला शफक म्हणतात, तो संपला की इशाची वेळ सुरू होते. आपल्याकडचे बहुतेक तक्ते सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की इशा धरतात. खगोलशास्त्रातही संधिप्रकाश संपून खरी रात्र सुरू होते ती याच १८ अंशांवर. म्हणजे इशाची अजान ही आकाश पूर्ण काळे झाल्याचीही खूण आहे. २० डिसेंबरला आपल्या भागात ही वेळ साधारण सव्वासात ते साडेसातची. म्हणून असे ठरले : सर्वांनी मगरिबच्या आधी जागेवर पोहोचायचे, उजेड असतानाच चटया-सतरंज्या पसरायच्या, दुर्बिणी मांडायच्या, आणि इशा पढून निरीक्षणाला बसायचे.

तिसरा प्रश्न जागेचा. आम्ही तीन जागा पाहिल्या. समुद्रकिनारा मुलांना आवडला, पण रेती भिंगात जाते आणि खाऱ्या हवेने आरसे खराब होतात. शाळेचे मैदान सोयीचे, पण दोन बाजूंना दिवे. शेवटी गुहागर तालुक्यातला एक सडा पसंत पडला. जांभ्या दगडाचे उघडे पठार, वर झाड नाही, चारही बाजूंना क्षितिज मोकळे. उत्तरेचे क्षितिज मोकळे असणे आमच्यासाठी फार गरजेचे होते. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर दिसतो, तितकेच त्या गावाचे अक्षांश असतात. आपल्याकडे तो जेमतेम १७-१८ अंशांवर असतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश व्यापते, म्हणजे क्षितिजापासून पावणेदोन मुठी. मध्ये एखादी टेकडी किंवा माडांची रांग आली की ध्रुव गेला.

ध्रुव सापडला की किब्लाही सापडतो. उत्तरेकडे तोंड केले की डावा हात पश्चिमेला येतो. तिथून बारा-तेरा अंश, म्हणजे एका मुठीपेक्षा थोडे जास्त, उत्तरेकडे सरकले की कोकणातून मक्केची दिशा मिळते. आमच्या चाचांनी अनेक वर्षे समुद्रावर काढली आहेत. मोबाईलवरचा किब्ला दाखवणारे ॲप बंद ठेवून मुलांकडून हे प्रत्यक्ष करून घ्यायची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली आहे.

इथवर सगळे सुरळीत झाले. अडले ते चौथ्या प्रश्नावर. मुली येणार का?

पहिल्या यादीत चोवीस मुले आणि दोनच मुली होत्या. वर्गात विज्ञानात पुढे असणाऱ्या मुलींची नावे यादीत का नाहीत, हे विचारायला आम्ही घरोघर गेलो. कुणी स्पष्ट नकार दिला नाही. "रात्रीचं कुठे पाठवणार?" एवढेच अब्बा म्हणाले. अम्मी काही बोलल्या नाहीत. एका आजोबांनी मात्र मनातले सांगितले : "मास्तर, तारे बघायला माझी ना नाही. पण सड्यावर अंधार करणार म्हणता, दिवा लावू देणार नाही म्हणता, आणि मुली पाठवा म्हणता. माझ्या जागी तुम्ही असता तर पाठवली असती का?"

प्रश्न रास्त होता. मुलींच्या शिक्षणावर व्याख्यान देऊन तो सुटला नसता. घरच्यांची काळजी खरी आहे, तेव्हा उत्तरही व्यवस्थेनेच द्यायला हवे. मग आम्ही सगळा बेत पुन्हा मांडला. आता विद्यार्थी एकटे येणार नाहीत, कुटुंब येईल. मुलीबरोबर अम्मी, खाला किंवा मोठी बहीण असेल. सड्याच्या कडेला जमीनमालकांचे घर आहे. त्यांनी दोन खोल्या आणि स्वच्छतागृह महिलांसाठी दिले आहे, आणि त्या घराच्या अंगणातला दिवा, जाड कापडाने झाकून का होईना, रात्रभर चालू राहील. बसण्याच्या जागेला सुतळीची हद्द असेल. येताना-जाताना दोन शिक्षिका दारात वहीवर नोंद घेतील. सरपंच आणि पोलीस पाटील यांना लेखी कळवले आहे. ज्यांना रात्रभर थांबायचे नाही त्यांच्यासाठी साडेदहाला एक गाडी परत निघेल, आणि पाहण्यासारख्या निम्म्या गोष्टी त्याआधीच दाखवून होतील असा क्रम लावला आहे.

आता यादीत अकरा मुली आहेत, आणि ज्यांनी आजवर कधी दुर्बिणीला डोळा लावलेला नाही अशा नऊ आया आहेत. प्रश्न विचारणारे आजोबाही येणार आहेत, नातीबरोबर. पाच घरांतून अजून होकार नाही. आम्ही पुन्हा जाऊ, पण आग्रह करणार नाही. एकदा एक रात्र नीट पार पडली की पुढच्या वर्षी आमच्या बोलण्यापेक्षा या नऊ जणींचे बोलणे जास्त उपयोगी पडेल.

क्रम असा आहे. अंधार पडताच पश्चिमेला मावळतीकडे झुकलेला श्रवण पाहायचा. त्याचे जगभर चालणारे नाव अल्टेर, ते अरबी 'अन्-नस्र अत्-ताइर' म्हणजे उडत्या गरुडावरून आले. वायव्येला हंसाच्या शेपटीचा तारा डेनेब, अरबीत 'जनब' म्हणजे शेपूट. नैऋत्येला फोमालहॉट, 'फम अल-हूत' म्हणजे माशाचे तोंड. उर्दू-अरबी येणाऱ्या मुलांना ही नावे पाठ करावी लागत नाहीत, ती नुसती ओळखायची असतात.

मग शनी. इथे मुलांना आधीच सांगून ठेवले आहे, की पुस्तकातल्या चित्रासारखी रुंद कडी यंदा दिसणार नाहीत. मार्च २०२५ मध्ये ती पृथ्वीवरून अगदी धारेवर आली होती आणि डिसेंबरातही बारीक रेघेसारखीच दिसतील. त्यानंतर डोक्यावरून थोडे उत्तरेला देवयानी दीर्घिका. इस्फहानच्या अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी इ. स. ९६४ मधल्या आपल्या तारकाग्रंथात ती 'लहानसा ढग' म्हणून नोंदवली. दुर्बीण तेव्हा नव्हती, नुसत्या डोळ्यांनी पाहून त्यांनी ती लिहिली. तिच्यापासून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात. आठच्या सुमारास पूर्वेला गुरू उगवेल आणि साडेनऊपर्यंत पुरेसा वर येईल. त्याचे चार मोठे चंद्र साध्या दुर्बिणीतूनही ओळीने दिसतात.

मध्यरात्र हिवाळी ताऱ्यांची. सुरैया माथ्यावरून पश्चिमेकडे कललेली. तिच्या मागोमाग रोहिणी, जिचे अरबी नाव 'अद्-दबरान' म्हणजेच मागून येणारी. मृग नक्षत्र ऐन डोक्याजवळ. त्यातला रायजेल तारा म्हणजे 'रिज्ल', पाय. आणि दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर, सुहैल. उत्तर युरोपात हा तारा उगवतच नाही. आपल्या सड्यावरून सुरैया आणि सुहैल एकाच वेळी दिसतात.

जे पहाटेपर्यंत थांबतील त्यांच्यासाठी एक खास गोष्ट राखून ठेवली आहे. फजरच्या मसल्यांत आपण सुबहे काजिब आणि सुबहे सादिक हा फरक वाचतो. सुबहे काजिब, म्हणजे खोटी पहाट, हा पूर्वेला उभा चढणारा निमुळता फिकट उजेड. अरबांनी त्याला लांडग्याचे शेपूट म्हटले. सूर्याभोवती ग्रहांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवरून परावर्तित होणारा तो प्रकाश आहे. नंतर क्षितिजाला समांतर, आडवी पसरते ती खरी पहाट. शहरात राहणाऱ्याला हा फरक किताबातच वाचावा लागतो. आकाश स्वच्छ असेल तर पाचच्या सुमारास तो डोळ्यांनी पाहता येईल.

आता काही नियम. वाचकांपैकी कुणाला आपल्या तालुक्यात असा बेत करायचा असेल तर उपयोगी पडतील.

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि मोबाईलचा एक झगमगाट ती मेहनत क्षणात घालवतो. म्हणून बॅटरीवर लाल जिलेटिनचा कागद रबराने बांधायचा. लाल प्रकाशाने डोळ्यांचा सराव फारसा मोडत नाही. मोबाईल पिशवीत. गाड्या बाहेर तोंड करून लावायच्या, म्हणजे निघताना दिव्यांचा झोत लोकांवर येत नाही. हिरवा लेझर एकाच मोठ्या माणसाच्या हातात, आणि तो माणसांकडे किंवा विमानाकडे कधीही रोखायचा नाही.

महागडी दुर्बीण नसली म्हणून अडत नाही. दहा बाय पन्नासची द्विनेत्री पुरेशी आहे. तिच्यातून सुरैयातले सहा-सात तारे सोडून कितीतरी जास्त दिसतात. मोठ्या दुर्बिणीपाशी लहान मुलांसाठी स्टूल ठेवावे आणि रांगेत आधी लहानांना सोडावे. दव पडते, म्हणून भिंगे पुसायला मऊ सुती कापड आणि अंगावर शाल हवी. पायात बूट हवेत, सड्यावर विंचू असतात. प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा रस्ता माहीत असलेला चालक हवा. वुजूसाठी पाण्याचे कॅन वेगळे. खाण्याचे घरोघर वाटून दिले आहे : कुणी सांदण, कुणी उकडलेली अंडी, कुणी थर्मासभर चहा. प्लास्टिकचा एक तुकडाही मागे ठेवायचा नाही, अशी जमीनमालकांची एकच अट आहे.

घरी परतताना मुलांना एक गृहपाठ द्यायचा आहे. २० डिसेंबरला सूर्य मावळेल तेव्हा नवा चंद्र जेमतेम अकरा तासांचा असेल. इतकी कोवळी कोर डोळ्यांना दिसत नाही. २१ तारखेच्या संध्याकाळी तो सुमारे पस्तीस तासांचा होईल, आणि नैऋत्येला क्षितिज मोकळे असेल तर रजबचा चांद दिसायला हवा. प्रत्येकाने आपापल्या गच्चीवरून तो शोधायचा, आणि किती वाजता दिसला, क्षितिजापासून किती बोटे वर होता, कोरीची टोके कुठे वळली होती, हे वहीत लिहायचे. दिसला नाही तर तेही लिहायचे. दोन महिन्यांनी रमजानच्या चांदावरून घराघरांत चर्चा सुरू होईल, तेव्हा या मुलांजवळ दुसऱ्याच्या फोनवर आलेल्या बातमीऐवजी स्वतः केलेली नोंद असेल.