मोटारीखालचा तांबडा डाग

डोंबिवलींतील एखाद्या इमारतीच्या अंगणांत पंधरा-वीस वर्षांची ऑटोमॅटिक गिअरची मोटार उभी असते. सकाळीं ती हलविल्यावर फरशीवर रुपयाएवढा तांबडा डाग दिसतो. थेंबभर तेलाचें काय मोठें, असें म्हणून घरधनी कामास जातो. हीच उपेक्षा पुढें सबंध गिअरपेटीच्या किंमतीस पडते.

अमेरिकेंतील ओल्ड्समोबिल मोटारींत १९४० च्या नमुन्यापासून आपोआप गिअर बदलणारी पेटी मिळूं लागली. अशा पेटींत तेल केवळ वंगणाचें काम करीत नाहीं. एंजिनाची शक्ति पुढें पोंचविणें आणि आंतील क्लच दाबून धरणें हींही कामें तेंच करतें. तें सतत घुसळलें जात असल्यानें तापतें. म्हणून एका नळीनें तें रेडिएटरकडे धाडून, थंड झाल्यावर दुसरीनें परत आणतात. घोडबंदर रस्त्यावरील किंवा शिळफाट्यावरील खोळंब्यांत व कसाऱ्याच्या चढावर ही उष्णता विशेष वाढते. अशा वेळीं तेल कमी असेल, तर क्लच घसरून जळूं लागतात.

या नळ्यांचा कांहीं भाग पोलादी व कांहीं रबरी असतो. पावसाळ्यांतील चिखलपाण्यानें पोलाद गंजतें. उष्णतेनें रबर कडक होऊन चिरतें.

प्रथम डागाची परीक्षा करावी. स्वच्छ पाणी बहुधा वातानुकूलन यंत्राचें असतें. काळपट तेल एंजिनाचें असूं शकतें. तांबडें व बुळबुळीत तेल बहुधा गिअरपेटीचें. जुनें झालेलें तेल मात्र तपकिरीही दिसतें. नळ्या पुसून कोरड्या कराव्या, एंजिन थोडा वेळ चालवावें व ओलाव्याचें सर्वांत वरचें ठिकाण शोधावें. कारण तेल खालीं ओघळून फसवितें. तेल दुधाळ गुलाबी दिसल्यास रेडिएटरचें पाणी त्यांत मिसळलें आहे. मग नुसती नळी बदलून भागत नाहीं, व मोटार चालवूंही नये.

काम एंजिन थंड असतांनाच करावें. केवळ जॅकच्या भरंवशावर मोटारीखालीं शिरणें हा जिवाशीं खेळ होय. खालीं भक्कम स्टँड हवेच. रेडिएटरचा जोड एका पान्यानें धरून दुसऱ्यानें नट सोडवावा. नाहींतर जोडच पिळवटतो. गंजलेली नळी सबंध बदलणें उत्तम. तांब्याची नळी वापरूं नये. हादऱ्यांनीं ती कडक होऊन तडकते. रबरी होज गिअर-तेल व उष्णता सोसणाराच घ्यावा, पाण्याचा नव्हे. बाहेरून लावलेला लेप दाबाखालीं टिकत नाहीं.

नंतर निर्मात्यानें सांगितलेलेंच तेल भरावें व त्याच्याच रीतीनें पातळी पाहावी. पुष्कळ मोटारींत ती सपाट जागीं, एंजिन गरम व चालू असतांना पाहतात. अधिक तेलही अपायकारकच. काढलेलें तेल गटारांत ओतूं नये. तें ठाण्याच्या खाडीस मिळतें, आणि त्याच खाडीच्या रोहित अभयारण्याला २०२२ सालीं रामसर स्थळाचा मान मिळाला आहे.

दुसऱ्या दिवशीं मोटारीखालीं पांढरा कागद अंथरून पाहावा. तो कोरा राहिला, म्हणजे दुरुस्ती साधली.