मका आणि चुन्याचे पाणी

नवे पीक घ्यावयाचे म्हटले म्हणजे त्याचे बी कोठे मिळते, त्यास जमीन कोणती मानवते, पाण्याच्या पाळ्या किती लागतात व भाव काय येतो, ह्याची चौकशी शेतकरी करतो. आणि ते योग्यच आहे. परंतु ते पीक ज्या देशात पिढ्यानुपिढ्या होत आले तेथील लोक ते शिजवितात कसे व कशाबरोबर खातात, ही चौकशी सहसा कोणी करीत नाही. एवढ्या हयगयीने केवढा अनर्थ ओढवतो, हे मक्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते. म्हणून तो आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

मक्याचे माहेर मेक्सिको देश होय. तेथील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे 9000 वर्षांपूर्वी लोकांनी टिओसिंटे नावाच्या रानगवतातून निवड करीत करीत मका तयार केला. त्या गवताच्या कणसात पाच ते बाराच दाणे असतात व तेही टणक कवचात. त्यापासून आजचे कणीस घडविणे ही शेतीविद्येतील थोर कामगिरी होय. पण त्याच लोकांनी चुलीपाशी जे शहाणपण दाखविले तेही तितकेच थोर आहे. भाकरीसाठी ते मका कोरडा दळीत नाहीत. तो चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच मुरू देतात. सकाळी चोळून धुतला म्हणजे साल सुटते. मग ओला दाणा पाट्यावर वाटून त्या पिठाच्या पातळ भाकऱ्या तव्यावर भाजतात. ह्या भाकरीस तोर्तिया हे स्पॅनिश नाव पडले. शेतातही मका एकटा नसे. त्याच्या ताटावर घेवडा चढे व बुडाशी भोपळ्याचा वेल पसरे. शेतात जे सोबती, तेच ताटातही सोबती.

इ. स. 1492 नंतर स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला. तेथे पाणचक्क्या व पवनचक्क्या होत्या; कोरडा दाणा त्यांत सहज दळला जाई. मग भिजविण्याचा व चुन्याचा खटाटोप कोण करणार? पीक समुद्र ओलांडून आले, रीत मात्र पलीकडेच राहिली. मका भरघोस पिके, म्हणून गरिबांच्या घरी तेच मुख्य अन्न झाले. उत्तर इटलीत मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, ज्यास पोलेन्ता म्हणतात, त्यावर कुळांचे दिवसचे दिवस जाऊ लागले.

इ. स. 1735 मध्ये गास्पार कासाल ह्या वैद्यास स्पेनच्या अस्तुरियास प्रांतातील गरीब शेतकऱ्यांत एक नवाच रोग आढळला. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातापायांची कातडी काळवंडून फाटे, गळ्याभोवती माळ घातल्यासारखा पट्टा उठे. पुढे अतिसार होई, बुद्धिभ्रंश होई आणि अखेर मृत्यू येई. इ. स. 1771 मध्ये फ्रापोल्ली ह्या इटालियन वैद्याने त्याचे पेलाग्रा, म्हणजे खरबरीत कातडी, हे नाव छापून प्रसिद्ध केले. कोणी उन्हास दोष दिला, कोणी कुजक्या मक्यास, कोणी रक्तास. मात्र मेक्सिकोत मका रोज खाऊनही हा रोग असा का पसरत नाही, हा साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी ह्याच रोगाने अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांत थैमान घातले. तेथे कपाशी करणारी कुळे मक्याचे पीठ, डुकराची चरबी व काकवी यांवर निर्वाह करीत. कपाशी दारापर्यंत पेरलेली. भाजीपाल्यास वाफा नाही व दुभते जनावर नाही! इ. स. 1914 मध्ये सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांस चौकशीस पाठविले. इस्पितळांत व अनाथालयांत रोगी असत, पण त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांस रोग होत नसे, हे त्यांनी हेरले. म्हणजे रोग संसर्गाचा नव्हे, ताटातील अन्नाचा. मिसिसिपीतील तुरुंगाच्या शेतावर शिक्षामाफीच्या बोलीवर तयार झालेल्या 11 कैद्यांस त्यांनी 1915 मध्ये कुळांचेच अन्न दिले, तो सहा महिन्यांच्या आत 6 जणांस रोगाची लक्षणे दिसली. तरीही लोकांस पटेना, तेव्हा त्यांनी 1916 मध्ये रोग्यांचे रक्त स्वतःस टोचून घेतले. रोग झाला नाही. गोल्डबर्गर 1929 मध्ये वारले. अन्नातील उणे द्रव्य नायसिन हे होय, हे 1937 मध्ये एल्व्हेहेम यांच्या प्रयोगांनी उघड झाले.

आता चुन्याचे कार्य काय, ते पाहू. मक्यात नायसिन असते, पण ते दाण्यात असे जखडलेले असते की पचनात फारसे सुटत नाही. चुन्याच्या क्षाराने ते मोकळे होते. शिवाय शरीर ट्रिप्टोफान ह्या प्रथिनांशापासूनही थोडे नायसिन घडविते. पण मक्यात तोही कमीच. ती उणीव घेवड्यासारखी कडधान्ये, दूध, मासे, अंडी ह्यांनी भरून निघते.

हा विषय आम्हांस दूरचा नाही. सातपुड्याच्या परिसरात मक्याची भाकरी नित्याची आहे. तसेच केवळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळतो, असे हैदराबादच्या सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये दाखविले. त्याचे कारण कोणते ह्याविषयी पुढे मतभेद झाले. पण दोष धान्याचा नसून एकट्या धान्याचा आहे, एवढे खास. ज्याच्या भाकरीबरोबर डाळ, दूध किंवा शेंगदाण्याची चटणी नेमाने असते, त्यास भय बाळगण्याचे कारण नाही. भुईमुगाच्या दाण्यांत नायसिन विपुल असते.

ज्यांस ही रीत करून पाहावयाची असेल त्यांनी किलोभर मक्यास तीन लिटर पाणी व 10 ग्रॅम खाण्याच्या चुन्याची कोरडी पूड घ्यावी. भिंतीस लावावयाचा चुना घेऊ नये, व अ‍ॅल्युमिनियमचे भांडे वापरू नये. तासभर उकळून रात्रभर झाकून ठेवावे, सकाळी दोनतीन पाण्यांनी चोळून धुवावे व ओलेच वाटावे. भाकरी मऊ होते व चुन्यामुळे तिच्यात कॅल्शियमही वाढते.

भुईमूग व मिरची हीही अमेरिका खंडातूनच आलेली. आमच्या घरांतील बायकांनी त्यांची चटणी करून ती भाकरीस जोडली, हे फार चांगले झाले. ही जोडणी मोडून नगदी पिकाच्या लोभाने बांधावरची तूर व परसातील भाजी काढून टाकू नये, एवढेच आमचे सांगणे आहे. कपाशी दारापर्यंत पेरणाऱ्या कुळांचे काय झाले, ते वर आलेच आहे.