टीव्हीवरचं घर आणि आपलं घर : घरदुरुस्तीचे रिॲलिटी शो मुलांसोबत पाहावेत का?

(तुळजापूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? टीव्हीवर मारामारीचे कार्यक्रम आहेत, शिवीगाळीचे आहेत. त्यांच्या तुलनेत घरदुरुस्तीचा कार्यक्रम म्हणजे किती निरुपद्रवी गोष्ट! जुनं, पडकं घर दाखवतात, चार लोक येतात, तोडफोड होते, रंग लागतो, शेवटी घरमालकीण डोळे पुसते. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी पाहावं असंच आहे. मग प्रश्न कुठे आहे?

प्रश्न आहे, आणि तो आपल्या जिल्ह्यात तर फारच जवळचा आहे. त्याकडे आपण टप्प्याटप्प्याने जाऊ.

आधी हा प्रकार आला कुठून ते पाहू. अमेरिकेत बॉस्टनच्या सार्वजनिक वाहिनीने १९७९ मध्ये 'धिस ओल्ड हाउस' नावाची मालिका सुरू केली. पहिल्या वर्षी एकच जुनं घर घेतलं आणि त्याच्या दुरुस्तीवर तेरा भाग केले. छत, नळ, तारा, खिडक्या, एकेक काम सावकाश दाखवलं. तो कार्यक्रम जवळजवळ गवंडीकाम-सुतारकामाचा वर्गच होता. पुढे १९९६ मध्ये बीबीसीवर 'चेंजिंग रूम्स' आला. त्यात शेजाऱ्यांनी एकमेकांच्या घरातली एकेक खोली दोन दिवसांत बदलायची. इथे मजा आली, पण वेळ आटला. २००३ मध्ये अमेरिकेत 'एक्स्ट्रीम मेकओव्हर : होम एडिशन' सुरू झाला. अडचणीतल्या कुटुंबाला सहलीला पाठवायचं आणि सात दिवसांत त्याचं घर पाडून नवं उभं करायचं. म्हणजे पंचवीस वर्षांत काय झालं? तेरा भागांचं काम एका भागात बसवलं गेलं. शिकवणं मागे पडलं आणि धक्का देणं पुढे आलं.

आपल्याकडे हे कार्यक्रम परदेशी वाहिन्यांवरून, डबिंगमधून आणि आता मोबाइलवरून आले. भारतात तयार झालेले कार्यक्रम बहुतेक नामवंतांच्या घरांभोवती फिरतात. रंगाच्या कंपनीने केलेली 'व्हेअर द हार्ट इज' ही मालिका किंवा २०२२ चा 'ड्रीम होम्स विथ गौरी खान' ही त्याची उदाहरणं. मराठीत घरदुरुस्तीचा गाजलेला शो चटकन आठवत नाही. पण कॅमेरा घेऊन घरात शिरण्याची सवय मराठी प्रेक्षकाला नवी नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर'मध्ये आदेश बांदेकर घराघरांत गेले, वहिनींशी गप्पा मारल्या, पैठणी दिली. त्यात एक गोष्ट लक्षात घ्या. तिथे घर जसं होतं तसंच दाखवलं जायचं. दहा बाय दहाची खोली असो की बंगला, पैठणी तीच. 'तुमचं घर चुकीचं आहे' असं कुणी म्हणत नव्हतं. घरदुरुस्तीच्या शोची सुरुवातच मुळी या वाक्याने होते.

आता मूळ प्रश्न. कुटुंबासोबत पाहण्याजोगं म्हणजे काय?

कायद्याच्या भाषेत याचं एक उत्तर आहे. केबल टीव्हीसाठी १९९४ चे नियम आहेत, त्यात कार्यक्रम संहिता आहे. ऑनलाइन मंचांसाठी २०२१ च्या नियमांनी वयोगट ठरवून दिले : यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. हिंसा, नग्नता, भाषा, अमली पदार्थ, भीतिदायक दृश्यं यांवरून हे ठरतं. या चाळणीतून घरदुरुस्तीचा शो आरामात पार पडतो. यू घ्या आणि निवांत बसा.

पण या चाळणीत काही गोष्टी अडकतच नाहीत. आपण त्यातल्या चार पाहणार आहोत.

पहिली गोष्ट, पैसा. शोमध्ये घर बदलतं, पण पैसा कुठून येतो आणि पुढे कुठून येणार हे क्वचितच कळतं. साहित्य प्रायोजकांचं असतं, मजुरी काही वेळा स्वयंसेवकांची. 'एक्स्ट्रीम मेकओव्हर'मध्ये जॉर्जिया राज्यातल्या एका कुटुंबाला २००५ मध्ये भलंमोठं घर मिळालं. त्यांनी ते तारण ठेवून साडेचार लाख डॉलरचं कर्ज काढलं, धंदा चालला नाही, आणि २००८ मध्ये ते घर जप्तीच्या दारात उभं राहिलं. शोमधला आनंद खोटा नव्हता. पण घर ही फुकट मिळून संपणारी वस्तू नाही. ते दर महिन्याला काहीतरी मागतं.

आपल्याकडचा हिशेब समोर ठेवा. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यात सपाट प्रदेशातल्या घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपयांचं अनुदान ठरलं आणि किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. हे पैसे हप्त्यांनी येतात. पाया झाला की फोटो, भिंती झाल्या की फोटो, मग पुढचा हप्ता. ज्या घरातला मुलगा बापाला हप्त्यासाठी पंचायत समितीत खेटे घालताना पाहतो, त्याच घरात तो संध्याकाळी सात दिवसांत महाल उभा राहताना पाहतो. त्याच्या मनात काय हिशेब होत असेल? 'त्यांना जमतं, मग आपल्या बापाला का जमत नाही?' हा प्रश्न मूल तोंडाने विचारत नाही. म्हणून आपण त्याच्याशेजारी बसलेलं असणं गरजेचं आहे.

दुसरी गोष्ट, लाज. प्रत्येक शोमध्ये 'आधीचं' घर दाखवतात. मंद उजेड, पसारा, ओल, उदास संगीत. 'नंतरचं' घर दाखवताना दिवे लागतात, खिडक्या उघडतात, फुलदाणी येते. यातला अर्धा फरक दुरुस्तीचा आणि अर्धा उजेडाचा असतो. 'फिक्सर अपर' या अमेरिकी कार्यक्रमाबद्दल हे उघडपणे लिहिलं गेलं आहे की शेवटच्या दृश्यातलं बरंचसं फर्निचर चित्रीकरणापुरतं मांडलेलं असतं. मालकाला हवं असेल तर त्याने ते वेगळे पैसे देऊन घ्यायचं. हे माहीत नसलेलं मूल आपल्या घराकडे बघतं तेव्हा त्याला आपलं घर कायम 'आधीचं' दिसतं. पत्र्याचं छप्पर, शहाबादी फरशी, भिंतीतली देवळी, सगळं पडक्यात जमा. अन् 'मित्राला घरी आणू नको' इथपासून त्याची सुरुवात होते.

तिसरी गोष्ट, जाहिरात. अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने २००४ मध्ये म्हटलं होतं की साधारण आठ वर्षांखालच्या मुलांना टीव्हीवरच्या जाहिरातीमागचा विकण्याचा हेतू नीट ओळखता येत नाही. घरदुरुस्तीच्या शोमध्ये तर जाहिरात वेगळी येतच नाही. रंगाचा डबा, फरशी, नळ, गादी, सगळं गोष्टीतच विणलेलं असतं. मोठ्यांनाही पटकन कळत नाही. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या इन्फ्लुएन्सरना सांगितलं की पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहा. मोबाइलवर 'हजार रुपयांत बैठक बदला' असे व्हिडिओ पाहताना ती पाटी शोधायला मुलांना शिकवा. त्यांना तो खेळ आवडतो.

आता चौथी गोष्ट. आमच्या मते ही सगळ्यांत महत्त्वाची, आणि इथे आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसाची पहाट, चार वाजायला चार-पाच मिनिटं कमी. किल्लारी आणि परिसर, लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरात ती आठवण आहे. ती माणसं का गेली? भूकंपाचा धक्का हे एक कारण. पण तेवढ्याच ताकदीच्या अनेक भूकंपांत जगात इतरत्र इतकी हानी झालेली नाही. आपली घरं दगड-मातीची होती. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड, पण बाहेरचा आणि आतला असे दोन वेगळे थर आणि मध्ये भरड. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवद, आणि त्या माळवदावर वर्षानुवर्षं पावसासाठी टाकत गेलेली माती, कुठे फूट, कुठे दोन फूट. भिंत हलली, थर सुटले आणि सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं.

त्यानंतर जे झालं ते महाराष्ट्रातलं घरबांधणीचं आणि घरदुरुस्तीचं फार मोठं काम होतं. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी बसवली. जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं दिली. ज्या गावांत घरं उभी होती पण कमकुवत होती, तिथे दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम झाला. त्यात घरमालकाने स्वतः उभं राहून काम करून घ्यायचं होतं. गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून घरोघर फिरल्या, अनुदान कसं घ्यायचं, कोणतं काम आधी करायचं हे समजावून सांगितलं.

आणि कामं कोणती होती? भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवणे. माळवदावरची जास्तीची माती उतरवणे. भिंतींना सगळीकडून जोडणारा पट्टा घालणे. लाकडी खांब आणि तुळई यांना कोपऱ्यात तिरके आधार देणे. मंडळी, यातलं एक तरी काम गिलावा झाल्यावर डोळ्यांना दिसतं का? नाही. 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो शेजारी ठेवले तर फरकच कळणार नाही. पण पुढचा धक्का आला तर जीव वाचवणार तेच.

आमचा मुद्दा हा आहे. घरदुरुस्तीत जे सर्वांत मोलाचं, ते बहुतेक वेळा दिसत नाही. पाया, सळई, ओल अडवणं, तारांचं अर्थिंग, सांडपाण्याचा उतार. टीव्हीला मात्र दिसणारंच दाखवावं लागतं, तो त्याचा स्वभाव आहे. त्यामुळे रोज असे शो पाहणाऱ्या माणसाच्या मनात हळूहळू पक्कं होतं की दुरुस्ती म्हणजे रूप बदलणं. मग तो पीओपीवर खर्च करतो आणि गच्चीच्या गळतीवर करत नाही.

त्याहून धोक्याचं दृश्य म्हणजे घण घेऊन भिंत पाडण्याचं. परदेशी शोमध्ये घरातले सगळे हसत हसत भिंत फोडतात, स्वयंपाकघर आणि बैठक एक होते. पडद्यामागे अभियंत्याने ती भिंत आधी तपासलेली असते, गरज असेल तिथे वर तुळई दिलेली असते, हे दोन सेकंदांत निघून जातं किंवा येतच नाही. तिकडची बरीच घरं लाकडी सांगाड्याची असतात, आतली पुष्कळशी भिंत पातळ पडद्यासारखी. आपल्याकडे गावातल्या जुन्या घरात प्रत्येक भिंत छताचं ओझं वाहत असू शकते. आरसीसी इमारतीतही खांबाला किंवा तुळईला हात लावला तर वरच्या मजल्यांचा जीव धोक्यात येतो. 'टीव्हीवर पाहिलं' म्हणून भिंत काढायची नाही. आधी अभियंत्याला दाखवा. अनुभवी गवंड्याचंही ऐका, पण भार वाहणाऱ्या भिंतीचा निर्णय एकट्या त्याच्यावर टाकू नका.

आता तुम्ही म्हणाल, मग बंदच करावं का? नाही. आमचं तसं म्हणणं नाही. या कार्यक्रमांत चांगलंही आहे. हाताने काम करणाऱ्या माणसाला मान मिळतो. प्लंबर, सुतार, फरशीवाला यांचं कसब मुलं पाहतात. आपल्याकडे शिकलेल्या मुलाला हातात थापी धरायची लाज वाटते, तिथे हे मोठं काम आहे. मुलींच्या हातात ड्रिल मशीन दिसतं, तेही चांगलं. मापं, क्षेत्रफळ, प्रकाश, वारा यांवर घरात बोलणं सुरू होतं. एरवी कुटुंबात घराबद्दलचे निर्णय एक-दोन माणसंच घेतात. शो पाहताना आजी म्हणते, 'ओटा इतका उंच कशाला केला, हात पुरायचा नाही.' हे तिला आजवर कुणी विचारलं होतं का?

तेव्हा आमचं उत्तर असं. लहान मुलांना एकटं बसवून हे शो दाखवू नयेत. सोबत बसून जरूर पाहावेत. आणि पाहताना पाच प्रश्न विचारावेत. याचा खर्च कुणी केला? काम करणारे मजूर किती होते आणि त्यांची नावं सांगितली का? भिंतीच्या आत काय केलं ते दाखवलं का? घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं का? आणि पाच वर्षांनी हे घर कसं दिसेल?

एक गृहपाठही देतो. शो संपला की मुलाच्या हातात टेप द्या आणि आपलं घर मोजायला सांगा. कोणती भिंत किती जाड, पाणी कुठून येतं, कुठे जातं, माळवद असेल तर त्यावर माती किती, स्लॅब असेल तर ओल कुठे दिसते. आजोबांना विचारू द्या की हे घर कधी बांधलं, किती खणांचं होतं, लाकूड कुठून आणलं, त्र्याण्णवच्या पहाटे ही भिंत कशी राहिली. 'घर पाहावे बांधून' असं आपल्याकडे म्हणतात, ते उगाच नाही. त्या बांधण्यातला घाम, उधारी, भांडणं आणि समाधान सात दिवसांच्या शोमध्ये मावत नाही. ते मुलाला आपल्याच घरात ऐकायला मिळालं, तर टीव्हीवरचं घर त्याला गंमत म्हणून पाहता येईल, आणि आपल्या घराची लाज वाटणार नाही.

शेवटी एक काम सगळ्यांसाठी. यंदा दिवाळीआधी रंग काढायचा विचार असेल, तर आधी एकदा गच्चीवर किंवा माळवदावर जाऊन या. तडा, गळती, जादा माती दिसली तर पहिला पैसा तिथे घाला. रंग पुढच्या वर्षी देता येईल.