घराचा जागता डोळा

घर म्हटले की दार आले आणि दार म्हटले की कडीकोयंडा आला. परंतु दारावर थाप पडली असता बाहेर कोण उभे आहे, हे कडीकोयंड्याला सांगता येत नाही. हीच अडचण न्यूयॉर्क शहरात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेला जाणवत होती. त्यांना पुष्कळदा घरी एकटे राहावे लागे आणि त्यांच्या वस्तीत हाक मारल्यावर पोलीसही लवकर येत नसत. म्हणून १९६६ साली त्यांनी पती अल्बर्ट ब्राउन यांच्या साहाय्याने एक युक्ती योजली. दाराला निरनिराळ्या उंचीवर चार छिद्रे ठेवावयाची, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा बसवावयाचा आणि त्याचे चित्र शयनगृहातील पडद्यावर पाहावयाचे. बाहेरच्याशी आतूनच बोलता यावे, ओळखीचा असल्यास कळ दाबून दार उघडता यावे आणि संशय आल्यास मदत मागविता यावी, अशीही सोय तीत होती. १९६९ साली या योजनेस पेटंट मिळाले.

आज घराची राखण करणारे कॅमेरे बाजारात नाना प्रकारचे मिळतात. त्यांतून निवड कशी करावी? घेणाऱ्याने प्रथम स्वतःस विचारावे, ‘मला नेमके काय पाहावयाचे आहे?’ पुष्कळ कॅमेऱ्यांच्या चित्रात आडवे १९२० व उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. भिंग रुंद दृष्टीचे असले, तर हे बिंदू सबंध अंगणावर विखुरतात आणि फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या वाट्यास थोडेच येतात. एकच भाकरी अनेकांत वाटली, तर प्रत्येकास चतकोरच मिळावयाची! म्हणून अंगणातील हालचाल पाहण्यास रुंद दृष्टी बरी. चेहरा ओळखण्यास अरुंद दृष्टी बरी. कॅमेरा फार उंचावर बसविला, तर डोक्यावरची टोपी तेवढी दिसते; उन्हाकडे तोंड करून बसविला, तर चेहरा काळवंडतो.

रात्रीचे काय? अंधारात कॅमेरा अवरक्त किरण सोडतो. हे किरण आपल्या डोळ्यांस दिसत नाहीत, पण कॅमेऱ्यास दिसतात. तोच कॅमेरा खिडकीच्या काचेआड ठेवला, तर काचेवरून परतलेल्या किरणांनी त्याचे स्वतःचेच डोळे दिपतात.

पाहिलेले साठविण्यासही जागा लागते. एखादा कॅमेरा दर सेकंदास २० लाख बिट माहिती पाठवीत असेल, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत सुमारे साडेएकवीस गिगाबाइट माहिती जमते. १२८ गिगाबाइटचे कार्ड सहा दिवसांच्या आतच भरते आणि मग नव्यासाठी सर्वांत जुने चित्र पुसले जाते. महिनाभर गावी जाणाऱ्याने हा हिशेब आधीच करावा. वीज गेली असता कॅमेरा चालू राहील की नाही, हेही विचारून घ्यावे.

इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्याच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द ताबडतोब बदलला पाहिजे. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने असेच न बदललेले शब्द वापरून लाखो कॅमेरे व तत्सम यंत्रे आपल्या ताब्यात घेतली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा यंत्रांनी केलेल्या एकत्रित माऱ्यामुळे अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. पहारेकरीच फितूर झाला, असे म्हणावयाचे! म्हणून यंत्र सुरक्षित ठेवण्यासाठी त्यातील आज्ञावली वेळोवेळी सुधारून देणारा उत्पादक निवडावा. केवळ स्वस्त किमतीस भुलू नये.

परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रश्न दुकानात विचारला जात नाही. आपल्या कॅमेऱ्याने काय पाहू नये? समजा, आपला कॅमेरा समोरच्या बिऱ्हाडाच्या दाराकडे रोखलेला आहे. तेथे कोण आले, कोण किती वाजता गेले, याची नोंद रोज आपल्या घरी होत राहील. त्या कुटुंबास हे रुचेल काय? आपल्या बाबतीत असे झाले, तर आपणास रुचेल काय? २४ ऑगस्ट २०१७ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. तेव्हा कॅमेऱ्याचे तोंड आपल्या उंबरठ्यापुरते वळवावे. घरातही जेथे माणसे निर्धास्तपणे बसतात, निजतात, तेथे त्यास स्थान देऊ नये.

मुलांनो, कॅमेरा पाहतो, पण काय पाहावे हे त्याला कळत नाही. ते आपणच ठरवावयाचे असते. आणि चोर दिसला, तरी कॅमेरा काही धावून जात नाही. हाकेसरशी धावून येतो तो शेजारी. घराच्या रक्षणासाठी कॅमेरा अवश्य बसवावा. मात्र त्यापायी शेजाऱ्याचा विश्वास गमावू नये.